एमए प्रोजेक्ट: जागतिकीकरण, तंत्रज्ञान आणि सामाजिक बदल... आपल्या भागात हे अभ्यासायचं तरी कसं?

पलूसची_पोर:

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत एमए समाजशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मंजूर झालाय, "जागतिकीकरण व तंत्रज्ञानामुळे ग्रामीण भागात झालेले सामाजिक बदल", आणि घोडं इथंच अडलंय कारण ह्या विषयात सगळंच येतं. मॅडम म्हणतात विषय बारीक कर. लायब्ररीत जुने प्रोजेक्ट चाळले तर सगळे एकाच वळणाचे, शंभर लोकांना प्रश्नावली, तुम्ही मोबाईल वापरता का हो/नाही, मोबाईलमुळे जीवनात बदल झाला का हो/नाही, मग रंगीत गोल आलेख आणि शेवटी फायदेही आहेत तोटेही आहेत. मला असं करायचं नाही. आमच्या आईवडलांच्या पिढीनं जे बघितलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला पाहिजे असं मनापासून वाटतं, आणि ते हो/नाही मध्ये मावत नाही.

थिअरी वाचलीये. ऑगबर्न ह्या समाजशास्त्रज्ञाचा कल्चरल लॅग, १९२२ चा, म्हणजे यंत्रं आणि वस्तू आधी बदलतात, रीतीभाती, कायदे, कुटुंब मागनं रखडत येतात. वाचताना पटतं. पण घरात बघितलं की अडखळायला होतं. वडील द्राक्षाच्या पानाचा फोटो पाठवून औषध ठरवतात आणि बहिणीचं स्थळ बघायचं तर अजून भावकी बसते. ह्याला लॅग म्हणायचं का? लॅग म्हटलं की भावकी पण कधी ना कधी मागनं येणारच असं धरून चाललो आपण. मला तर उलटं दिसतंय. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय आणि जी माणसं वर्षातनं एकदा जत्रेला भेटायची ती आता रोज कुणाच्या पोरीचं कुठं जमतंय, कोण कुणाबरोबर फोटोत दिसतंय ह्यावर लक्ष ठेवून असतात. म्हणजे फोननं भावकी मोडली नाही, घट्ट केली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकच वस्तू किंवा एकच धंदा धरायचा तर कोणता धरू, द्राक्ष, हळद, गलाई (सोनंचांदी आटवून शुद्ध करायचा धंदा), ऊस? आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त छळतीये, बदल झालाय हे डोळ्याला दिसतं, पण तो जागतिकीकरणामुळं झाला, मोबाईलमुळं झाला, की कॅनॉलला पाणी आलं म्हणून झाला हे ठरवायचं कशावरनं?


बाग_तासगाव:

ताई, द्राक्ष धर. आम्ही तासगाव तालुक्यात बाग करतो, थोडा माल एक्स्पोर्टला, थोडा लोकलला, उरलेला बेदाण्याला. जागतिकीकरण म्हणजे काय ते आमच्याकडं २०१० ला कळलं. त्याआधी पण माल युरोपला जातच होता, महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यातीची संस्था १९९१ ची आहे, २००६ ला अपेडानं, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ग्रेपनेट आणलं, त्यात प्लॉटची नोंदणी, प्लॉटला नंबर, म्हणजे तिकडच्या दुकानातल्या पेटीवरनं इकडचा बांध सापडला पाहिजे अशी सोय. पण ते तोवर कागदाचं काम वाटायचं लोकांना. २०१० ला लिहोसिनचं प्रकरण झालं. लिहोसिन म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, एप्रिल छाटणीनंतर फुटव्यांची वाढ रोखायला आणि काडीत घड धरायला वापरायचे, त्यात चोरून काही नव्हतं, सगळ्यांना माहिती होतं. त्या वर्षी युरोपातल्या लॅबमध्ये मण्यात त्याचे अंश निघाले आणि कंटेनर अडकले. एप्रिलमध्ये वेलीला मारलेलं औषध पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या मण्यात निघतं हे आमच्याकडं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता ह्यात तुझं समाजशास्त्र कुठं आलं ते सांगतो. आमच्या आबांच्या काळात बागेत शब्द आबांचा. काडी बोटात धरून बघायची, पिकलीय का, डोळा कसा आहे, आणि छाटणीची तारीख सांगायची. गावातनं लोक विचारायला यायचे. आबांचा मान त्या बोटांत होता. २०१० नंतर घड चांगला आलाय का हा प्रश्न मागं पडला आणि घडात काय उरलंय हा प्रश्न पुढं आला, ते बोटाला कळत नाही, लॅबला कळतं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी काढतं, कुठलं औषध, किती प्रमाण, काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं. ती यादी वाचणार कोण, तर बीएस्सी ॲग्री झालेलं पोरगं नाहीतर एकरी फी घेणारा सल्लागार. आज सल्लागार अधनंमधनं प्लॉटवर येतो, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, फोटो टाकला की खाली औषधाचं नाव येतं, आणि आबा नातवाला विचारतात काय म्हणाला रे तो. माझ्या वयाचे लोक मधल्यामधे आहेत, बापाचं ऐकत मोठे झालो आणि आता पोराचं ऐकतोय. घरात कुणाच्या शब्दाला वजन आहे हे बदललं, आणि ते बदलायला हॉलंड-जर्मनीतल्या लॅबचा एक कागद कारण झाला. ह्यापेक्षा सरळ उदाहरण तुला सापडायचं नाही.

अभ्यास कसा करायचा म्हणशील तर फवारणीच्या वह्या माग. तारीख, औषध, त्यातला घटक, लिटरला किती, काढणीपूर्वीचे दिवस, कुणी मारलं. जुन्या वह्यांत मोडी वळणाचं बापाचं अक्षर, मग मधेच पोराचं अक्षर चालू होतं, मग छापील फॉर्म, मग ॲप. ज्या पानावर अक्षर बदललं ते पान कुठल्या सालाचं आहे ते बघ, घरोघरी बघ. माणसं बोलताना जरा वाढवून सांगतात, वहीचं तसं नसतं. काही वह्या हंगाम संपल्यावर एका बैठकीत एकाच पेननं भरलेल्या असतात, ते पण बघितल्याबरोबर कळतं, आणि ती पण माहितीच झाली की, साहेबाला दाखवायची वही वेगळी आणि खरं काम वेगळं.

अजून एक लिहिच. थॉम्पसन बाहेरनं आलेली जात, पण त्यातनं निवडून काढलेली तास-ए-गणेश आमच्या तालुक्यातल्या बोरगावची. आम्ही नुसते घेणारे कधीच नव्हतो.


हरिपूर_संगम:

दादांचं म्हणणं पटलं पण मी हळदीच्या बाजूनं थोडं वेगळं सांगतो. अडतीवर लहानाचा मोठा झालोय. सांगलीच्या यार्डात हळद फक्त इथली येत नाही, कर्नाटकातनं येते, तेलंगण-आंध्राकडनं येते. आता शेतकऱ्याच्या हातात फोन आहे, निजामाबादचा दर, इरोडचा दर, वायद्याचा दर, सगळं त्याला सकाळी सांगलीत सौदा निघायच्या आधी माहिती असतं. मग माल घेऊन कुठं जातो? त्याच अडतीवर जिथं बाप जात होता. कारण लागणीला, औषधाला, पोरीच्या लग्नाला उचल त्याच अडतीवरनं घेतलेली असते. दर कळला म्हणून माणूस मोकळा होत नाही, उचल फिटली तर होतो. तुझ्या प्रश्नावलीत "मोबाईलवर बाजारभाव बघता का" असा प्रश्न टाकशील तर सगळे हो म्हणतील आणि तुला वाटेल केवढा बदल झाला. त्याच्या खालोखाल "उचल कुणाची आहे" हा प्रश्न टाक.

आणि कारण शोधताना जपून. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वर तोंड बारीक आणि आत पोट मोठं, हळद भरून तोंड लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आत हवा नसते, आधी कंदील सोडून बघायचा, तो पेटता राहिला तर माणूस उतरणार. ते काम करणारी ठरलेली माणसं होती, त्यांचं कसब होतं, त्यांच्या घरी ते बापाकडनं मुलाकडं यायचं. आज कुणी पण सांगेल, कोल्ड स्टोरेज आली आणि पेवं गेली, तंत्रज्ञानानं जुनं बुडवलं. पण पेवांचं कंबरडं मोडलं ते २००५ च्या महापुरानं. कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि त्यानंतर पुन्हा तेवढा जीव कुणी जमिनीखाली ठेवला नाही. कोल्ड स्टोरेजनं रिकामी झालेली जागा भरली. पूर आला नसता तर कदाचित दोन्ही चाललं असतं. हा फरक तुझ्या प्रोजेक्टमध्ये आला पाहिजे, नाहीतर सगळ्याचं खापर किंवा सगळ्याचं श्रेय मशिनीवर.

जागतिक पातळीवर हळदीचं पेटंट प्रकरण तुला माहिती असेलच, अमेरिकेत १९९५ ला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं, आपल्या सरकारच्या सीएसआयआर ह्या संशोधन संस्थेनं आव्हान दिलं, जुने छापील दाखले काढून दाखवले आणि १९९७ ला ते रद्द झालं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. दोन्ही चांगल्या गोष्टी, अभिमान आहे. पण यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाच्या घरी आणि पॉलिशवर बसणाऱ्या बाईच्या घरी ह्यातलं काय पोचलं हे कुणीतरी जाऊन विचारलं पाहिजे. तू विचार.


गलाई_खानापूर:

मी विट्याजवळचा, सध्या तमिळनाडूत दुकान आहे. आमच्याकडं सोन्याचांदीची गलाई, म्हणजे सोनारांकडचा जुना माल, तुटकं-फुटकं, कातरण घ्यायचं, आटवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या पट्ट्यातली माणसं देशभर पसरलीत ह्या धंद्यात. लोक विचारतात जागतिकीकरणानं तुम्ही बाहेर पडलात का. नाही ओ, पाऊस नव्हता म्हणून बाहेर पडलो, १९९१ च्या उदारीकरणाच्या कितीतरी आधी. तेव्हा ताई, स्थलांतर दिसलं की जागतिकीकरण असं लिहू नकोस.

तंत्रज्ञानानं आमच्या धंद्यात काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगणारा माणूस म्हणजे आमच्यात देवमाणूस, त्याच्या डोळ्यावर लाखाचे व्यवहार व्हायचे. आता एक्स-रे मशीन आहे, दागिना आत ठेवला की थोड्या वेळात शुद्धतेचा आकडा समोर. २०२१ च्या जूनपासनं टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. ग्राहकाचं भलं झालं, त्याला आता डोळे झाकून विश्वास ठेवायला लागत नाही. पण आमच्या पोरांना गावाकडनं बोलवून घ्यायचो, दुकानात झोपायचं, भट्टी फुंकायची, हळूहळू डोळा तयार व्हायचा आणि मग चुलता म्हणायचा आता तू स्वतंत्र दुकान टाक, ती जी शिडी होती तिची एक पायरी निघाली. नवीन दुकान टाकायला आता डोळा नाही, मशिनीचं भांडवल लागतं. ज्याच्या मागं पैसा आहे त्याचाच पोरगा वर जातो.

गावाकडचं एक सांगतो, हे कुठल्या पुस्तकात नसेल. आमच्या गल्लीत चांगली घरं बांधलीत सगळ्यांनी, राहायला फक्त म्हातारी माणसं. म्हणून सगळ्यांनी सीसीटीव्ही लावलेत, आम्ही इथनं फोनवर घर बघतो. आई-वडलांची काळजी म्हणून लावले, त्यात वाईट काही नाही. पण मागच्या जत्रेला गेलो तर लक्षात आलं, आमच्या ओट्यावर दुपारच्याला गल्लीतल्या बायका बसायच्या, तांदूळ निवडत, लसूण सोलत, त्या आता बसत नाहीत. कॅमेऱ्याच्या पल्याड, जिथं बसलं की दिसत नाही अशा एका घराच्या पायरीवर बसतात. आईला गुडघ्यामुळं तिथवर जाता येत नाही. आम्ही आईला बघायला कॅमेरा लावला आणि आईकडं येणारी माणसं कमी झाली. आता मी तो दाराच्या कोपऱ्याकडं वळवून घेतलाय, पण सवय मोडली ती मोडली. असलं काही तुझ्या अभ्यासात येत असेल तर घे.


वाईचा_वाचक:

मुली, प्रश्न फार चांगला विचारलास. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलंय, आता निवृत्त आहे. वरच्या तिघांनी जे दिलंय ते नीट वहीत उतरवून घे. मी फक्त पद्धतीचं बोलतो आणि थोडं इतिहासाचं.

आपल्या भागात बाहेरचं जग १९९१ ला आलं असं लिहू नकोस. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशन हॉस्पिटल उभं केलं. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना काढला, तुमच्या पलूस तालुक्यातच. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, गावोगाव जाऊन पटवावं लागलं. तो नांगर विकत हिंडणाऱ्यांत भाऊराव पाटीलही होते, आणि त्यांनी पुढे १९१९ ला काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. आता नांगरानं शाळा आणली असं कुणी म्हणणार नाही. पण नांगर विकायला माणूस गावोगाव फिरतो, तिथली पोरं बघतो, आणि त्यातनं काही वेगळंच उभं राहतं. तंत्रज्ञान समाज बदलतं म्हणतात ते असं आडवाटेनं, मधे माणूस असतो. तो माणूस शोधायचा.

मुंबईच्या गिरण्यांचंही तसंच. सातारा जिल्ह्यातल्या सुगाव गावाचा हेमलता दांडेकरांनी केलेला अभ्यास मिळव, १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा पट आहे त्यात. पुरुष मुंबईला आणि बायका गावात शेत बघतायत, ह्या व्यवस्थेनं घर कसं बदललं आणि कसं बदललं नाही ते त्यात आहे. योगायोग म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि आमच्याकडच्या कितीतरी घरांत माणसं कायमची परत आली. दुसरा अभ्यास इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांचा, कोयना धरणानं उठवलेल्या लोकांवरचा, १९६९ चा. धरण म्हणजे तंत्रज्ञानच की. विजेचा प्रकाश कुठं पडला आणि गाव कुणाचं बुडालं हे दोन्ही एकत्र बघायला तो शिकवतो.

आता तुला छळणारा दुसरा प्रश्न. बदलाचं कारण कसं ठरवायचं. ह्याला युक्ती आहे. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाचा केरळातल्या मच्छीमारांवरचा अभ्यास आहे, २००७ ला प्रसिद्ध झाला. उत्तर केरळात मोबाईल एकदम सगळीकडे आला नाही, आधी कोझिकोड, मग कण्णूर, मग कासरगोड, १९९७ नंतर तीनेक वर्षांत टप्प्याटप्प्यानं. त्यानं तिन्ही पट्ट्यांतल्या बाजारांचे दर आधी आणि नंतर बघितले. ज्या पट्ट्यात फोन आला तिथेच आणि तेव्हाच दरातली तफावत मिटली आणि न विकली जाऊन फेकून द्यावी लागणारी मासळी थांबली. फोन सोडून दुसरं कारण असतं तर तिन्हीकडे ते बरोबर फोनच्याच पावलानं कसं आलं असतं? युक्ती एवढीच, की गोष्ट सगळीकडे एकाच वेळी आली असेल तर कारण कळत नाही, मागेपुढे आली असेल तर कळतं. (हरिपूरकरांनी उचलीचा मुद्दा काढला तो इथे फार मोलाचा आहे, मच्छीमाराला दुसऱ्या बंदरात जाता येत होतं म्हणून फोनचा उपयोग झाला.)

आपल्याकडे फोन जवळजवळ सगळीकडे एकदमच आला. पण पाणी मागेपुढे आलं. टेंभू आणि म्हैसाळ ह्या उपसा सिंचन योजनांचं पाणी काही गावांना आधी मिळालं, काहींना कितीतरी उशिरा. तेव्हा शेजारशेजारची दोन गावं घे, जातींची रचना साधारण सारखी, रस्ता सारखा, फोन सारखा, फक्त पाण्याचं साल वेगळं. जो बदल दोन्हीकडे एकाच सुमाराला दिसेल तो बहुधा पाण्याचा नव्हे. जो पाण्याबरोबरच आला तो फोनच्या नावावर खपवू नकोस. दोन गावांवर मोठा सिद्धांत मांडता येत नाही, पण एमएच्या प्रोजेक्टला भरपूर झालं.

मुलाखतीत साल विचारू नकोस, लोकांना साल आठवत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी घरात फोन होता का, २००५ च्या पुरात औषधं कोण आणत होतं, नोटाबंदीला मजुरी कशी दिली, लॉकडाऊनला काय केलं, असं विचार. घटना सांगितली की माणसाला घर आठवतं.


सावळजची_सून:

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण बागेत काम करणाऱ्या बायका अजून कुणाच्याच लिहिण्यात आल्या नाहीत म्हणून मी लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हापासनं डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे), विरळणी (घडातले जादा मणी काढायचे) करत आलीये, आता आमची स्वतःची टोळी आहे.

पूर्वी पैरा होता. आज तुझ्या बागेत आम्ही, उद्या आमच्या बागेत तू, पैसे नाहीत, जेवण ज्याच्या त्याच्या डब्यात. ज्यांना बाग नाही त्या बाया रोजगारावर. मालकीण संध्याकाळी दारात येऊन सांगायची उद्या ये गं, आणि रोजगार काय द्यायचा ते त्यांचं ठरलेलं. दुसऱ्या गावात काय चाललंय ते आम्हाला कळायचं नाही, माहेरी गेलं तर कळायचं. आता गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरची, झाली की पुढचं सगळं एकदम येतं, फेल (जादा फुटवे) काढणं, डिपिंग, विरळणी, सगळ्यांच्या बागा एकाच आठवड्यात आणि बाया तेवढ्याच. त्यात फोन आला. मणेराजुरीत काय चाललंय, कवठेमहांकाळकडं काय चाललंय, गाडी कोण पाठवतंय, चहा कोण देतंय, रात्रीत कळतं. मग आम्ही उक्तं घेतो, एकराचं ठरवतो, आणि पटलं नाही तर दुसरीकडं जातो. पिकअप दारात येतो. हा बदल खरा आहे, आणि हा फोनमुळं झालाय हे मी छातीठोक सांगते, कारण आमच्यावर कुणाची उचल नव्हती. हरिपूरच्या दादांनी जे सांगितलं ते त्यामुळंच मला लगेच पटलं. ऊसतोडीवाल्यांच्या हातात पण फोन आहे, पण त्यांनी मुकादमाकडनं आधीच पैसे उचललेले असतात, त्यांना असं उठून दुसरीकडं जाता येतंय का?

पण टोळीत फोन कुणाकडं असतो ते बघ. सगळ्यांकडं साधा नाहीतर पोराचा जुना फोन आहे, पण मालकाशी बोलणं एकीच्याच फोनवर, पैसे पण तिच्याच फोनवर येतात, मग ती वाटते. मी वाटते म्हणून मला माहिती आहे, ह्यात एक मान पण आहे आणि भांडण पण आहे. आधी पैसे हातात यायचे तेव्हा बाई त्यातनं शंभर-पन्नास बाजूला ठेवायची, पदराच्या गाठीला, डब्यात, कुणाला कळायचं नाही. आता खात्यावर आले की मेसेज नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर जातो, कारण खातं काढताना नंबर त्यांचा दिलाय. म्हणून आमच्यातल्या कितीतरी बाया म्हणतात मला रोखच दे. बाहेरनं बघणाऱ्याला वाटेल ह्या अडाणी आहेत, ऑनलाईन नको म्हणतात. अडाणी नाहीत त्या, आपला पैसा आपल्या हातात राहावा म्हणून रोख मागतात. म्हसवडला माणदेशी बँक बायांनी बायांसाठी १९९७ ला उभी केली ती उगीच नाही केली.

आणि बागवाल्या दादांना राग येऊ नये, पण फवारणीच्या वहीत कुणी मारलं हे लिहितात, विरळणी कुणी केली ते लिहायला रकाना नाही. मणी मोठा होतो तो आमच्या हातनं. युरोपच्या माणसाला प्लॉट नंबर कळतो, आमची नावं कुठं कळतात?


बाग_तासगाव:

राग कसला ताई, खरं आहे ते. रकाना नाही हे मी आजवर बघितलं नव्हतं.


पलूसची_पोर:

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं छापून घेतलंय. मॅडमशी पण बोलले. विषय आता असा करतीये: एक्स्पोर्टच्या द्राक्षबागेत निर्णय कुणाचा, घरात आणि टोळीत. दोन गावं, तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूची, एकाला म्हैसाळचं पाणी आधी आलेलं आणि एकाला उशिरा. घरांतल्या फवारणीच्या वह्या बघायच्या, त्यात अक्षर कधी बदललं ते, आणि टोळीतल्या बायांशी बोलायचं की कामाचा दर आणि पैसा कुणाच्या फोनवर ठरतो. भावकीचा ग्रुप हा भाग सोडून द्यायला जीवावर आलं पण मॅडम म्हणाल्या तो वेगळा प्रोजेक्ट आहे.

एक राहिलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा, असं ठरवलंय गावानं, लॉकडाऊननंतर पोरांची सवय सुटेना म्हणून. ते तुलनेला घ्यावं का?


वाईचा_वाचक:

प्रोजेक्टमध्ये घेऊ नकोस, फाटे फुटतील. पण एकदा जाऊन ये जरूर. तंत्रज्ञान येतं आणि समाज मुकाट्यानं बदलतो ह्या समजुतीला ते गाव चांगलं उत्तर आहे, तिथं लोकांनी बसून ठरवलंय की आम्ही हे किती वेळ वापरणार. फक्त तिथं गेल्यावर एवढं बघ की त्या दीड तासात घरातली बाई काय करते. पोरं अभ्यासाला बसतात, तिचा स्वयंपाक तोच असतो का, आणि अभ्यास घ्यायचं काम नव्यानं कुणाच्या अंगावर पडलं. मला उत्तर माहीत नाही, म्हणून विचारतोय.


सावळजची_सून:

ये गं तू, आमच्या टोळीत पण ये. ऑक्टोबर छाटणी झाली की महिन्याभरानं डिपिंग चालू होतं तेव्हा ये, एप्रिलमध्ये येऊन उपयोग नाही, तेव्हा टोळ्या एवढ्या भरत नाहीत. मालक बांधावर असताना पैशाचं काही विचारू नको, कोणी खरं सांगणार नाही. दुपारी जेवायला बसतो तेव्हा विचार, किंवा जाताना पिकअपमधे आमच्याबरोबर बस, तिथं सगळ्या मोकळ्या बोलतात. रेकॉर्डिंग करायचं असलं तर आधी विचार आणि नाव लावू नको कुणाचं, दोघीतिघींच्या घरी माहिती नाही त्यांना नेमके किती मिळतात ते. आणि जुनी चप्पल घालून ये, बागेत चिखल असतो.